घर्षणाची पुंजी : संगणकावरील मोटारशर्यतीचे भौतिकशास्त्र

इटलीतील मोंझा येथे मोटारशर्यतींचा एक जुना, प्रसिद्ध मार्ग आहे. सप्टेंबर १९७१ मध्ये तेथे झालेल्या ग्रां प्री शर्यतीत ५५ फेऱ्या, म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर तोडल्यावर पीटर गेथिन हा इंग्रज चालक पहिला आला. दुसऱ्या आलेल्या रॉनी पीटरसनच्या तो किती पुढे होता? अवघा ०.०१ सेकंद! त्या शर्यतीतील सरासरी चाल ताशी सुमारे २४२ किलोमीटर होती. एवढ्या चालीने धावणारी मोटार ०.०१ सेकंदात जेमतेम दीड हात पुढे जाते. तीनशे किलोमीटरच्या शर्यतीचा निकाल दीड हातावर लागला.

मोंझाचा मार्ग त्यानंतर बराच बदलला. वेग कमी करण्यासाठी त्यात १९७२ सालापासून मुद्दाम आडवी वळणे घालण्यात आली. आज त्याची एक फेरी ५.७९३ किलोमीटरची आहे. हाच मार्ग आता संगणकाच्या पडद्यावरही उपलब्ध आहे. इटलीतच तयार झालेल्या आणि २०१४ साली बाजारात आलेल्या 'असेटो कोर्सा' या खेळात तो लेसर किरणांनी मोजून जसाच्या तसा उतरवला आहे. तुमच्यापैकी काहींनी अशा खेळात मोटार चालवलीही असेल. मग पुढचा अनुभवही तुमच्या ओळखीचा असेल. मित्राच्या फेरीपेक्षा आपली फेरी दोन सेकंदांनी मंद होते. आपण मोटारीच्या मांडणीचे, म्हणजे 'सेटअप'चे पान उघडतो. स्प्रिंग, टायरमधील हवा, मागचा पंख, ब्रेकची वाटणी अशा वीस-पंचवीस गोष्टी तेथे बदलता येतात. त्यांपैकी चार-पाच आपण अंदाजाने फिरवतो. फेरी आणखीच मंद होते!

असे का होते? फेरीचा वेळ खरोखर कोठे मिळतो आणि कोठे जातो? या प्रश्नांची उत्तरे द्यायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र बहुतांशी पुरेसे आहे. कागद, पेन्सिल आणि कंपास घेऊन बसा.

संगणक काय करतो?

साध्या खेळातील मोटार रुळावरून धावल्यासारखी रस्त्याला चिकटून असते. 'सिम्युलेटर' म्हणवणाऱ्या खेळात तसे नसते. तेथे संगणक मोटारीवर लागणारी बले मोजतो, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्वरण काढतो, त्यावरून नवा वेग आणि नवी जागा ठरवतो. आणि लगेच पुन्हा बले मोजू लागतो. २००८ साली सुरू झालेल्या 'आयरेसिंग' या सिम्युलेटरमध्ये हे चक्र सेकंदाला ३६० वेळा चालते. ताशी २१६ किलोमीटर चालीची मोटार सेकंदाला ६० मीटर जाते. म्हणजे ती वीतभर अंतर कापते न कापते तोच तिचा सारा हिशेब नव्याने मांडला जातो.

या हिशेबातील सर्वांत अवघड भाग म्हणजे टायर. वळताना टायर ज्या दिशेला रोखलेला असतो, त्याच दिशेला तो नेमका जात नाही. रबर ताणले जाते आणि दोन्ही दिशांमध्ये काही अंशांचा कोन पडतो. हा कोन वाढला की वळवणारे बल आधी वाढत जाते, एका मर्यादेला पोचते आणि त्यानंतर कमी होऊ लागते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील प्राध्यापक हान्स पासेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास हे वर्तन एका सूत्रात बसवले. पुढे अनेक सिम्युलेटरांनी या सूत्राचा किंवा त्याच्यासारख्या प्रतिमानाचा आधार घेतला. खेळाडूला यातून मिळणारा धडा असा : मोटार वळत नाही म्हणून स्टिअरिंग आणखी पिळले, तर ती आणखी कमी वळण्याचीच शक्यता असते.

अशा सरावातून मिळालेले कौशल्य खऱ्या रस्त्यावर टिकते काय? यान मार्डेनबरो या ब्रिटिश तरुणाने २०११ साली 'ग्रान तुरिस्मो' या खेळातून चालक निवडण्याची स्पर्धा जिंकली. २०१३ साली फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या खऱ्या शर्यतीत तो आपल्या गटात तिसऱ्या क्रमांकाच्या मोटारीचा एक चालक होता. खेळातील आणि रस्त्यावरील भौतिकशास्त्र एकच असल्याखेरीज हे घडले नसते.

वळणाला किती चाल झेपते?

गोफणीतला दगड गोल फिरतो, कारण दोरी त्याला सतत आत ओढत असते. दोरी सुटली की दगड सरळ निघून जातो. वळणावरच्या मोटारीला कोणती दोरी असते? टायर आणि रस्ता यांतील घर्षण, हीच ती दोरी. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. अशा चार तळहातांवर सारी मोटार विसंबून असते.

वळण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल = वस्तुमान × चालीचा वर्ग ÷ त्रिज्या.

मिळू शकणारे जास्तीत जास्त घर्षण = घर्षण गुणांक × वस्तुमान × गुरुत्व त्वरण.

दोन्ही समान मांडली की वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि उरते :

चालीचा वर्ग = घर्षण गुणांक × गुरुत्व त्वरण × त्रिज्या.

हिशेब सोपा व्हावा म्हणून घर्षण गुणांक १ आणि गुरुत्व त्वरण १० घेऊ. या सूत्रातील पहिल्या दोन राशी चालकाच्या हाती फारशा नसतात. तिसरी मात्र पूर्णपणे त्याच्या हाती असते. रस्त्याची त्रिज्या ठरलेली असली, तरी आपल्या वाटेची त्रिज्या आपणच ठरवतो.

समजा, काटकोनातील एक वळण आहे. त्याच्या आतल्या कडेची त्रिज्या २० मीटर आणि बाहेरच्या कडेची ३२ मीटर, म्हणजे रस्ता १२ मीटर रुंद आहे. मोटारीची रुंदी तूर्त सोडून देऊ. आतल्या कडेला चिकटून जाणाऱ्या चालकाच्या वाटेची त्रिज्या २० मीटर. त्याला झेपणारी चाल √२०० म्हणजे सेकंदाला १४.१ मीटर, ताशी सुमारे ५१ किलोमीटर.

दुसरा चालक वळणापूर्वी बाहेरच्या कडेला राहतो, वळणाच्या मध्यावर आतल्या कडेला स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जातो. भूमितीने काढल्यास त्याच्या वर्तुळाची त्रिज्या ६१ मीटर भरते. कशी, ते शेवटी दिलेल्या कृतीतून तुम्हाला पडताळता येईल. त्याला झेपणारी चाल √६१०, म्हणजे सेकंदाला २४.७ मीटर, ताशी ८९ किलोमीटर!

"पण त्याची वाट लांब नाही का?" असे तुम्ही विचाराल. ती लांब आहे, पण फार नाही. दुसऱ्याचे वर्तुळ जेथे सुरू होते आणि जेथे संपते, त्या दोन रेषांमध्ये त्याची वाट ९५.८ मीटर आहे, तर आतून जाणाऱ्याची ८९.४ मीटर. ६.४ मीटरची ही बचत पहिल्याला महाग पडते. दोघेही सेकंदाला २४.७ मीटर चालीने आले असे धरा. पहिल्याला ब्रेक लावून चाल १४.१ वर आणावी लागते आणि वळणानंतर ती पुन्हा वाढवावी लागते. ब्रेकचे त्वरण १० आणि वेग वाढवण्याचे ४ मीटर प्रति सेकंद वर्ग धरल्यास त्याला ५.३ सेकंद लागतात, दुसऱ्याला ३.९. एका वळणात १.४ सेकंदांचा फरक पडला. शिवाय बाहेर पडताना पहिल्याची चाल ताशी ७५ किलोमीटर, तर दुसऱ्याची ८९. मोटार तीच आणि मांडणीही तीच.

दोन सेकंदांनी मागे असलेल्या खेळाडूने मांडणीचे पान उघडण्यापूर्वी आपण रस्त्याची पूर्ण रुंदी वापरतो का, एवढे आधी पाहावे. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपले होऊ नये.

ब्रेक उशिरा की ॲक्सिलरेटर लवकर?

नवशिक्या खेळाडूला वाटते, ब्रेक जितका उशिरा लावू तितका वेळ वाचेल. हे हिशेबाने तपासू.

मोटार सेकंदाला ८० मीटर चालीने येते आहे आणि वळणासाठी तिला ४० वर यायचे आहे. ब्रेक लावताना सरासरी चाल ६० असते. समजा, चालकाने ब्रेक १० मीटर उशिरा लावला आणि तो अधिक जोराने दाबून काम भागवले. जे १० मीटर तो ६० च्या सरासरीने गेला असता, ते आता ८० ने गेला. वाचलेला वेळ = १०/६० − १०/८० = ०.०४ सेकंद.

आता वळणाच्या दुसऱ्या टोकाकडे या. पुढे ६०० मीटर सरळ रस्ता आहे आणि मोटारीचे त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. खऱ्या मोटारीचे त्वरण चाल वाढेल तसे घटते. पण येथे ते स्थिर मानू. एक चालक वळणातून ४० च्या चालीने बाहेर पडला. गतीच्या समीकरणावरून रस्त्याच्या शेवटी त्याची चाल ८० होते आणि त्याला बरोबर १० सेकंद लागतात. दुसरा ४२ च्या चालीने बाहेर पडला. शेवटी त्याची चाल ८१.०२ होते आणि वेळ लागतो ९.७५५ सेकंद. फरक जवळजवळ पाव सेकंद! उशिरा ब्रेक लावून मिळालेल्या वेळेच्या हा सहापट आहे.

याचे कारण सोपे आहे. ब्रेक लावण्याच्या जागेतील फरकाचा परिणाम थोड्या मीटरांवर होतो. वळणातून बाहेर पडतानाच्या चालीचा परिणाम पुढच्या सबंध सरळ रस्त्यावर होतो. "वळणात सावकाश शिरा, वेगाने बाहेर पडा" या शर्यतीतील जुन्या उपदेशामागचे गणित हे असे आहे. म्हणून अनुभवी चालक आतल्या कडेला किंचित उशिरा स्पर्श करतात. त्यामुळे बाहेर पडताना वाट लवकर सरळ होते आणि ॲक्सिलरेटर लवकर दाबता येतो.

यावरून सरावाचा क्रमही ठरतो. मार्गावरील सर्वांत लांब सरळ रस्ता शोधावा आणि त्याच्या आधीचे वळण प्रथम घोटावे. मोंझाला असे वळण म्हणजे सर्वांत शेवटचे 'पाराबोलिका'. २०२१ पासून ते मिकेले अल्बोरेतो या इटालियन चालकाच्या नावाने ओळखले जाते. त्यातून बाहेर पडताच किलोमीटरहून लांब सरळ रस्ता लागतो.

एकच पुंजी, दोन खर्च

टायरचे घर्षण ही ठरावीक पुंजी आहे. ब्रेक लावणे आणि वळणे हे दोन्ही खर्च तिच्यातूनच भागवायचे असतात. ही दोन बले एकमेकांना काटकोनात असल्याने त्यांची बेरीज पायथागोरसच्या प्रमेयाने होते. ब्रेकसाठी पुंजीचे ८० टक्के वापरले, तर वळण्यासाठी २० टक्के उरतील असे वाटते. प्रत्यक्षात ६० टक्के उरतात, कारण ०.८ चा वर्ग आणि ०.६ चा वर्ग मिळून १ होतो. मात्र ब्रेकसाठी पूर्ण १०० टक्के वापरले, तर वळण्यासाठी शून्य उरते. ब्रेक करकचून दाबलेला असताना स्टिअरिंग फिरवले, तरी मोटार सरळच का जाते, हे आता लक्षात येईल.

निष्णात चालक म्हणूनच वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडत नाही. स्टिअरिंग जसजसे वळते, तसतसा तो ब्रेकवरील पाय हलका करत जातो. बाहेर पडताना याच्या उलट : स्टिअरिंग सरळ होत जाईल त्या मानाने ॲक्सिलरेटर वाढवायचा. पुंजी सतत पूर्ण वापरात असते, पण कधी उधारी होत नाही.

भार पुढे सरकतो तेव्हा

आता मांडणीकडे वळू. बस एकदम थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात. मोटारीच्या बाबतीतही ब्रेक लावताच मागच्या चाकांवरील काही भार पुढच्या चाकांवर जातो. तो किती जातो?

पुढे सरकणारा भार = ब्रेकचे एकूण बल × गुरुत्वमध्याची उंची ÷ पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर.

समजा, मोटारीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम, म्हणजे वजन १२,००० न्यूटन आहे आणि ते पुढे-मागे सारखे, ६,००० न्यूटन प्रत्येकी, विभागलेले आहे. गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर आणि चाकांतील अंतर अडीच मीटर. घर्षण गुणांक १ असल्याने ब्रेकचे जास्तीत जास्त बल १२,००० न्यूटन. पुढे सरकणारा भार १२,००० × ०.५ ÷ २.५ = २,४०० न्यूटन. म्हणजे पुढे ८,४०० आणि मागे ३,६००. ब्रेकच्या बलाची वाटणीही याच प्रमाणात, पुढे ७० आणि मागे ३० टक्के अशी हवी. तसे केल्यास चारही टायरांची पुंजी एकाच वेळी पूर्ण वापरली जाते.

वाटणी चुकली तर? पुढे ८० टक्के ठेवले तर एकूण बल १०,००० न्यूटन होताच पुढची चाके फिरायची थांबतात. पुढे ६० टक्के ठेवले तर त्याच १०,००० न्यूटनला मागची चाके थांबतात. आकडेमोड तुम्हीच करून पाहा. दोन्ही बाबतीत त्वरण १० ऐवजी ८.३ मिळते आणि सेकंदाला ३० मीटर चालीची मोटार ४५ ऐवजी ५४ मीटरवर थांबते. तोटा सारखाच, पण परिणाम अगदी वेगळे. पुढची चाके थांबली तर मोटार सरळ घसरत जाते. मागची थांबली तर मागचा भाग बाजूला जाऊ लागतो आणि मोटार गिरकी घेते. म्हणून हिशेबाने येणाऱ्या वाटणीपेक्षा पुढचा वाटा एखाद-दुसऱ्या टक्क्याने जास्त ठेवणे शहाणपणाचे ठरते.

कोणते टोक आधी घसरते?

वळणात भार बाजूलाही सरकतो. आतल्या चाकांवरचा कमी होतो, बाहेरच्यांवरचा वाढतो. एकूण भार तोच राहतो, तर मग घर्षणही तेवढेच राहायला हवे. पण रबराचा एक गुण येथे आडवा येतो. टायरवरील भार दुप्पट केला तर त्याचे घर्षण दुप्पट होत नाही, थोडे कमीच भरते.

उदाहरणादाखल असे धरा की १,५०० न्यूटन भाराला घर्षण गुणांक १.२, ३,००० ला १.१ आणि ४,५०० ला १.० आहे. दोन्ही चाकांवर तीन-तीन हजार भार असेल, तर एकूण घर्षण ३,३०० + ३,३०० = ६,६०० न्यूटन. भार सरकून ४,५०० आणि १,५०० झाला, तर ४,५०० + १,८०० = ६,३००. म्हणजे ज्या टोकाला भार अधिक सरकतो, त्या टोकाची पकड घटते.

मांडणीतील अर्धी किल्ली येथे आहे. डावे आणि उजवे चाक जोडणारी एक पोलादी दांडी असते. तिला 'अँटी-रोल बार' म्हणतात. पुढची दांडी ताठ केली की बाजूला सरकणाऱ्या भारापैकी अधिक वाटा पुढच्या टायरांवर पडतो आणि त्यांची पकड घटते. अशी मोटार वळायला नाखूश असते. ती बाहेरच्या कडेकडे जात राहते. याला 'अंडरस्टिअर' म्हणतात. मागची दांडी ताठ केली की मागची पकड घटते आणि मागचा भाग फेकला जातो. हा झाला 'ओव्हरस्टिअर'. पुढचे टायर आधी घसरत असतील, तर पुढची दांडी मऊ करा. मागचे घसरत असतील, तर मागची. एका वेळी एकच पायरी.

टायरमधील हवेबद्दलही वायूंचे नियम विसरू नका. पेट्रोल पंपावरचा मापक वातावरणापेक्षा जास्त असलेला दाबच तेवढा दाखवतो. मापक २५ पौंड दाखवत असेल, तर वातावरणाचे सुमारे १५ मिळवून खरा दाब ४० होतो. आतील हवा २७ अंश सेल्सिअसवरून ८७ अंशांवर, म्हणजे ३०० केल्विनवरून ३६० केल्विनवर गेली, तर खरा दाब ४८ होतो आणि मापक ३३ दाखवतो. थंड टायरला जो दाब 'बरोबर' वाटतो, तो चार फेऱ्यांनंतर बराच जास्त झालेला असू शकतो. चांगला सिम्युलेटर ही वाढही मोजतो. त्यामुळे पहिल्या एक-दोन फेऱ्यांवरून मांडणीचा निवाडा करू नये.

पंख : देणे आणि घेणे

शर्यतीच्या मोटारीचा पंख विमानाच्या पंखाच्या उलट काम करतो. तो मोटारीला खाली दाबतो. त्यामुळे वजन न वाढता टायरवरचा भार आणि पकड वाढते. पण त्याबरोबर हवेचा रोधही वाढतो. ही दोन्ही बले चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. ताशी १०० किलोमीटरला पंख ५०० न्यूटनने दाबत असेल, तर २०० ला तो २,००० न्यूटनने दाबतो. मंद वळणात पंखाचा उपयोग फारसा नसतो. जलद वळणात तो फार मोठा असतो.

मोनाकोच्या शहरी रस्त्यांवरील ३.३३७ किलोमीटरच्या मार्गावर सरळ रस्ते आखूड आहेत. तेथे रोधाने होणारे नुकसान थोडे, म्हणून पंख मोठा ठेवतात. मोंझाला लांब सरळ रस्ते आहेत. तेथे पंख शक्य तितका लहान ठेवतात. २०२० साली लुईस हॅमिल्टनने मोंझाची एक फेरी १ मिनिट १८.८८७ सेकंदांत पुरी केली. सरासरी चाल ताशी २६४ किलोमीटरहून अधिक. तीच मांडणी मोनाकोला नेली असती, तर ती वाईट ठरली असती. सर्वांत चांगली मांडणी अशी एखादी नसते. एका मार्गासाठी, एका चालकासाठी चांगली मांडणी असते. दुसऱ्याचे आकडे उतरवून घेणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच.

प्रयोगाची शिस्त

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. बदल उपयोगी पडला की नाही, हे ठरवायचे कसे?

समजा, एका खेळाडूने 'क' मांडणीवर पाच फेऱ्या मारल्या. सेकंदांत वेळ असे : १०२.४, १०१.८, १०३.१, १०१.९, १०२.८. सरासरी १०२.४. मग पंख बदलून 'ख' मांडणीवर : १०२.०, १०२.९, १०१.५, १०३.०, १०२.१. सरासरी १०२.३. "०.१ सेकंद सुधारणा!" असे तो म्हणेल. पण त्याच्या स्वतःच्या फेऱ्याच एकमेकींपासून दीड सेकंदापर्यंत दूर आहेत. हा ०.१ सेकंद पंखाचा की योगायोगाचा, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. धान्याच्या काट्यावर सोन्याची अंगठी तोलावी, तसे हे झाले.

महिनाभराच्या सरावानंतर त्याचे आकडे असे येतात. क : १०१.२, १०१.३, १०१.१, १०१.३, १०१.१. ख : १००.८, १००.९, १००.७, १००.९, १००.७. आता फेऱ्यांतील चढउतार ०.२ आणि सरासरीतील फरक ०.४. हा निष्कर्ष मानायला हरकत नाही. आधी आपल्या हाताची अचूकता, मग यंत्राची मांडणी, हा क्रम यासाठीच आहे.

आणखी तीन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. इंधन आणि हवामान प्रत्येक वेळी सारखेच ठेवावे, कारण इंधन कमी झाले की मोटार हलकी होते आणि फेरी आपोआप जलद होते. तिसरे, 'क' नंतर 'ख' आणि मग पुन्हा 'क' तपासावी. परत आल्यावरही 'क' चा वेळ सुधारलेला दिसला, तर सुधारला तो चालक, मोटार नव्हे. प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल मोजताना तुम्ही याहून वेगळे काही करत नाही. खरी मोटार, खरा मार्ग आणि खरे टायर घेऊन असे प्रयोग करायला फार पैसा लागतो. सिम्युलेटरमध्ये ते एखाद्या विद्यार्थ्यालाही करता येतात, हे त्याचे मोठे मोल आहे.

पडद्यापलीकडे

सिम्युलेटर हे निसर्गाचे प्रतिमान आहे, निसर्ग नव्हे. घरी बसून चालवणाऱ्याच्या शरीराला वळणाचा ताण जाणवत नाही, ब्रेकचा हिसका बसत नाही आणि भीतीही वाटत नाही. तेथे मोटार आदळली तर एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते.

पण घर्षणाचा नियम रस्त्यावरही तोच आहे. साध्या टायरचा कोरड्या रस्त्यावरील घर्षण गुणांक ०.७ धरला, तर ताशी ३६ किलोमीटर चालीचे वाहन ब्रेक लावल्यापासून ७ मीटरमध्ये थांबते. ताशी ७२ ला २९ मीटर लागतात. पाऊस पडून गुणांक ०.४ वर आला, तर तेच अंतर ५० मीटर होते. यात धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर धरलेले नाही. दुचाकीच्या बाबतीत तर घर्षणाची पुंजी संपली की वाहन घसरत नाही, आडवेच होते. शर्यतीचा मार्ग मोकळा आणि एकाच दिशेचा असतो, म्हणून तेथे सगळी पुंजी खर्च करता येते. आपल्या रस्त्यावर अचानक मूल येते, गुरे येतात, वळणापलीकडे ट्रक उभा असतो. तेथे पुंजीचा मोठा हिस्सा शिलकीत ठेवूनच वाहन चालवले पाहिजे. चांगली फेरी कशी होते हे ज्याला नीट समजले, त्याला रस्त्यावर सावकाश का जायचे हेही समजायला हवे.

करून पाहा

१. संगणक नसला तरी चालेल. १ सेंटिमीटर = ५ मीटर हे प्रमाण घ्या. काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा काढा. या बाहेरच्या कडा. दोन्ही रेषांपासून ६.४ सेंटिमीटरवर केंद्र घेऊन ६.४ आणि ४ सेंटिमीटर त्रिज्येचे कंस काढा. हे आपले वळण. आता बाहेरच्या दोन्ही रेषांना आणि आतल्या कंसाला स्पर्श करणारे वर्तुळ कंपासने शोधा. त्याचे केंद्र काटकोनाच्या दुभाजकावर असेल. त्रिज्या सुमारे १२.२ सेंटिमीटर येते का?

२. याच वळणात रस्ता १२ ऐवजी ६ मीटर रुंद असता, तर मोठ्या वर्तुळाची त्रिज्या किती आली असती? आतली कडा २० मीटरचीच ठेवा.

३. लेखातील मोटारीचा गुरुत्वमध्य ०.५ ऐवजी ०.४ मीटर उंचीवर आणला, तर ब्रेकची योग्य वाटणी कोणती?

उत्तरे : (२) सुमारे ४०.५ मीटर. (३) पुढे ६६ टक्के, मागे ३४ टक्के.